ॲलेक गिनेस अष्टपैलू होतेच, पण ‘गोडबोले’ हा त्याचा पुरावा नव्हे

ॲलेक गिनेस यांना अष्टपैलू नट का म्हणतात आणि त्यांचे काम कुठून पाहायला सुरुवात करावी, असे आपण विचारले आहे. माझे आजोळ गोडबोल्यांचे असल्यामुळे अलिप्तपणे उत्तर देणे मला जमणार नाही.

दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्या १९८४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये गिनेस प्राध्यापक गोडबोले झाले आहेत. एका मे महिन्यात मामांनी भाड्याने व्हीसीआर आणून तो चित्रपट सगळ्या घराला दाखवला. तपकिरी रंग फासलेले गिनेस पडद्यावर येताच आजीने, ‘हा कुठल्या गोडबोल्यांपैकी?’ असे विचारले आणि आम्ही मुले हसत सुटलो. मामा मात्र संतापले. ते हौशी नाटकांची रंगभूषा करीत आणि ओळखू न येणारा नट तोच खरा नट, असे त्यांचे ठाम मत होते. ‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) एकाच घराण्यातील आठ जण गिनेसनी उभे केले, हा त्यांचा हुकमी दाखला, त्यातली एक तर बाई आहे.

मला तेव्हाही ते पटले नाही. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी आणि रोशन सेठ असताना गोडबोल्यांसाठी इंग्रज नट घेणे हा अष्टपैलुत्वाचा नव्हे, गिनेसना पुन्हा पुन्हा घेण्याच्या लीन यांच्या सवयीचा भाग होता. गिनेस यांची खरी ताकद ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये दिसते. जपानी युद्धकैदी छावणीतल्या कोंडवाड्यातून बाहेर पडणाऱ्या इंग्रज कर्नल निकल्सनची ती अडखळती, तरीही ताठ चाल त्यांनी पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या मुलाच्या चालण्यावरून घेतली होती. या भूमिकेला ऑस्कर मिळाले. आणि १९७९ च्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या बीबीसीच्या मालिकेतील त्यांचा गुप्तहेर जॉर्ज स्मायली तर चष्मा लावून नुसता ऐकत बसतो. तिथे मामांच्या रंगपेटीला कामच उरत नाही.

म्हणून आधी ‘क्वाय’ पाहा, मग स्मायली. त्यांची भूमिका असलेले ‘स्टार वॉर्स’ बहुधा आपण पाहिलेच असेल. रंगभूमीवरचे त्यांचे काम, १९३८ चा लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहातला आधुनिक वेषातला हॅम्लेट धरून, आपल्याला आता पाहायला मिळणार नाही, त्यामुळे माझा निवाडा पडद्यापुरताच आहे. शिवाय ते आठ जण मी अलीकडे पुन्हा पाहिले, तेव्हा त्यांतला प्रत्येक जण रंगाच्या आधी खांद्यांवरून आणि मानेवरून वेगळा ओळखू येतो, हे लक्षात आले. मामांना हे कळवले आहे. त्यांनी ते स्वतःच्याच बाजूचे मत म्हणून धरले आहे.