माईक ॲशलीच्या काळात न्यूकॅसलची वाट कोणी लावली, मॅनेजरांनी की मालकाने?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 2025 चा लीग कप जिंकल्यापासून न्यूकॅसल हा इंग्लंडचा फुटबॉल क्लब बघायला लागलात, आणि जुने फॅन ॲशलीच्या शेवटच्या मॅनेजरचं, स्टीव्ह ब्रूसचं, नाव काढलं तरी का भडकतात ते कळत नाही. वाट मालकाने, म्हणजे ॲशलीने लावली. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण तुम्ही ब्रूसचं नाव काढलंत त्यामुळे आता मला झोप येणार नाही.

ॲशलीने 2007 ला सुमारे 134 मिलियन पाउंडला क्लब घेतला आणि ऑक्टोबर 2021 ला 300 च्या वर विकला. मधल्या काळात दोनदा रेलिगेशन, म्हणजे प्रीमियर लीगमधून खालच्या डिव्हिजनला घसरण, 2009 आणि 2016. मॅनेजर मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात: ॲलरडाइस, कीगन, किनिअर, शेवटच्या आठ मॅचपुरता शिअरर, ह्यूटन, पार्ड्यू, कार्व्हर, मॅकलारेन, बेनिटेझ, ब्रूस. कीगनला न विचारता खेळाडू आणले म्हणून तो सोडून गेला, आणि पुढे ट्रायब्युनलनेही त्याच्याच बाजूने निकाल दिला. ह्यूटनने टीम 102 पॉइंट्स घेऊन परत वर आणली, तर डिसेंबर 2010 ला टीम टेबलच्या मधोमध असताना त्याला घरी पाठवलं. पार्ड्यूने 2012 ला पाचवा नंबर आणला, त्यावर टीम भक्कम करायची सोडून मालकाने काय केलं, पार्ड्यूला आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं! आठ! माणूस घराचं कर्ज पण विचार करून घेतो राव.

आणि स्टेडियम. सेंट जेम्स पार्कचं नाव 2011 ला स्पोर्ट्स डायरेक्ट अरेना करून टाकलं, म्हणजे स्वतःच्या दुकानाचं. वर्षभराने नाव परत आलं पण दुकानाचे बोर्ड स्टेडियमभर तसेच लटकत राहिले, आणि कितीतरी वर्षं त्याचे पैसेसुद्धा क्लबला मिळत नव्हते.

हे दुकानाच्या बोर्डाचं मला जरा जास्तच लागतं, का ते सांगतो.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. इथे पोरगं चालायला लागलं की हातात बॅट देतात, हजारेंपासून पंड्यांपर्यंत सगळी परंपरा आहे, फुटबॉल खेळतो म्हटलं की विचारतात बंगाली आहेस का. तर आमच्या भागातल्या पोरांची एक टीम होती, थंडीत एक लोकल लीग व्हायची त्यात उतरायची. पैसा एका दुकानदार शेठचा (नाव लिहीत नाही, रोज त्याच रस्त्याने जायचंय) आणि मॅनेजर मी. मॅनेजर म्हणजे काय तर पोरांना फोन करून उठवायचं, रेफरीचे पैसे, पाण्याचा जार, कोणाच्या तरी आईला समजवायचं की एक मॅच खेळला म्हणून बारावीत नापास होत नाही, आणि यातून वेळ उरला तर टॅक्टिक्स. 2019 चं वर्ष होतं, त्या जुलैच्या शेवटी बडोद्यात पूर आला होता, विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यावर आल्या होत्या, त्यानंतर ग्राउंड सुकेपर्यंत प्रॅक्टिसच नव्हती. तरी पोरं सेमीला पोचली.

शेठची एकच अट, जर्सीवर पुढे दुकानाचं नाव आणि पाठीवर दुकानाचा मोबाईल नंबर. खेळाडूचा नंबर बिचारा बाहीवर, बोटभर. रेफरी कार्ड दाखवायच्या आधी पोराला जवळ बोलावून बाही बघायचा. कीपरचे ग्लोव्हज फाटलेले, टेप लावून चालवत होतो. आमचा लेफ्ट बॅक नेमका सेमीच्या आधी पाय मुरगळून बसला, फतेहगंजचा एक चांगला पोरगा यायला तयार होता, फक्त पेट्रोलचे पैसे मागत होता. मी शेठकडे गेलो, म्हटलं एवढं करा, फायनल होईल. शेठ गिऱ्हाईकाला बिल देता देता, मान वर न करता म्हणाले, "जीतीने शुं मळवानुं?" म्हणजे जिंकून काय मिळणार?

आणि त्यांच्या हिशोबाने बरोबर होतं हो! बॅनर पूर्ण लीगभर लागलेला राहणारच होता, सेमी हरा नाहीतर फायनल जिंका. ॲशलीचं शंभर टक्के हेच. प्रीमियर लीगमधे टिकून राहिलं की टीव्हीचा पैसा येतो, जगभर बोर्ड दिसतो, मग कप कशाला. क्लबने फॅन्सना चक्क सांगितलं होतं की कप स्पर्धा ही आमची प्रायॉरिटी नाही. तुम्ही जो कप बघून फॅन झालात ना, तोच.

सेमी हरलो, सगळे गोल डाव्या बाजूने. मग शेठने मॅनेजर बदलला. नवीन मॅनेजर कोण, तर माझा सख्खा आतेभाऊ! त्याला पेट्रोलचं माहीत, ग्लोव्हजचं माहीत, तरी शेठने बोलावलं आणि हा गेला, वर मलाच म्हणतो मी पोरांसाठी घेतलं. तेव्हापासून मुंज असो, लग्न असो, गौरी-गणपती असो, आमचं हेच चालू. त्याचं म्हणणं, रडायचं नाही, आहे त्यात करून दाखवायचं. आणि पुरावा म्हणून हा मला ब्रूस देतो. बेनिटेझने दहावा आणि तेरावा नंबर आणला, ब्रूसने तेरावा आणि बारावा, मग फरक काय?

फरक असा. 2016 ला टीम खाली गेली तेव्हा बेनिटेझ पळाला नाही, थांबला, पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिप, म्हणजे दुसऱ्या नंबरची लीग, जिंकून वर आणली. मग दोन वर्षं ओरडून सांगत होता की पैसा द्या, आपण पुढे जाऊ शकतो, नाही मिळाला तेव्हा 2019 ला निघून गेला. ब्रूस तिकडचाच, लहानपणापासून न्यूकॅसलचा फॅन. तो आला, त्याच महिन्यात जोएलिंटन नावाचा स्ट्रायकर 40 मिलियनला आला, म्हणजे पैसा होता, पण तोंड उघडणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचा नव्हता. ब्रूसने मालकाला त्रास होईल असं काही मागितलंच नाही. फॅन भडकतात ते याच्यावर. पॉइंट्स किती आले हा वेगळा विषय आहे. आणि "आहे त्यात करून दाखव" म्हणणाऱ्यांनी बघावं, त्याच जोएलिंटनला ब्रूसनंतर मॅनेजर झालेल्या एडी हाऊने मिडफिल्डला घेतला आणि काय खेळाडू निघाला.

बाकी खरं तेही लिहितो, नाहीतर आतेभाऊ स्क्रीनशॉट फिरवेल. हाऊला जानेवारी 2022 ला ट्रिपिअर, ब्रूनो, बर्न असे नवे खेळाडू मिळाले, ब्रूसला हे कधी मिळालं नाही. ब्रूसला फॅन्सनी ज्या शिव्या दिल्या त्यातल्या बऱ्याच घाणेरड्या होत्या, ते काही बरोबर नव्हतं. ॲशलीने क्लबला शंभर मिलियनच्या वर बिनव्याजी पैसे दिले होते, क्लब कर्जात बुडवला नाही, हेही खरं. आणि आत्ताचा मालक सौदीचा सरकारी फंड आहे, तो पैसा कुठून येतो आणि कशासाठी येतो यावर वेगळं उत्तर होईल, मी 16 मार्च 2025 ला रात्री वेम्बलीची फायनल बघताना तो विचार केला नाही. 1955 नंतरचा पहिला देशातला कप होता, बर्न आणि इसाकचे गोल, लिव्हरपूलला 2-1, खाली वॉचमन वर बघायला लागला एवढा ओरडलो.

तर तुम्ही नवीन आहात, मॅनेजर चांगला की वाईट हे टेबल बघून ठरवू नका. त्याने मालकाकडे काय मागितलं आणि नाही म्हटल्यावर काय केलं ते बघा. ज्याला आधीपासून सगळं माहीत असून खुर्ची घेतली त्याची मला दया येत नाही, मग तो इंग्लंडचा असो नाहीतर आमच्या घरातला.

दादा, लिंक तुला पाठवतोय. तू मॅनेजर झाल्यावरही तो फतेहगंजचा पोरगा पेट्रोलच्या पैशात यायला तयार होता, मीच विचारलं होतं त्याला. शेठकडे एकदा मागून तरी बघायचे होतेस.