अमेरिका खंडातला कॅथलिक धर्म शिकायचाय? इथून सुरू कर

विषय मस्त निवडलायस! आधी स्पॅनिशचा क्लास लाव, नुसत्या भाषांतरांवर फार पुढे जाता येत नाही. आणि अमेरिका म्हणजे फक्त यूएसए नव्हे, नवे लोक इथेच गंडतात, मेक्सिको, ब्राझील, पेरू, कॅनडातलं क्यूबेक सगळं यात येतं, म्हणून सुरुवातीला एकच जागा धर.

माझं ऐकशील तर ग्वादालुपेची मरियामाता घे, म्हणजे मेक्सिकोत ज्या रूपात येशूच्या आईची भक्ती होते ते. परंपरेनुसार तिने तिथे दर्शन दिलं १५३१ ला, पण ती कथा छापून आली थेट १६४८ ला, मग मधल्या शंभरेक वर्षांत काय चाललं होतं हे शोधायला लागलास की खरा अभ्यास सुरू! दर्शन खरं की खोटं यात अडकू नकोस, लोक काय करत होते ते बघ. 'स्पॅनिशांनी लादलं, स्थानिकांनी मुकाट घेतलं' असंही लिहू नकोस, स्थानिकांनी त्यात स्वतःचं खूप घातलंय. लिबरेशन थिऑलॉजी (गरिबांच्या मुक्तीवर भर देणारा ख्रिस्ती विचार), १९६८ ची मेडेलिन परिषद (लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांची) वगैरे दुसऱ्या सेमिस्टरला.