बाबांच्या कमरेचं ऑपरेशन किती वर्षं टिकेल?

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, बाबा ७१ वर्षांचे. दोन वर्षांपासून कंबर दुखून राहिली, आता तर वावरात जाताना शे-दोनशे पावलं चालले की पोटऱ्या भरून येतात, मग धुऱ्यावर बसतात, पाच मिनिटांनी पुन्हा निघतात. सायकल मात्र आरामात चालवतात म्हणून गावातले लोक म्हणतात म्हातारा नाटक करून राहिला. एमआरआयमध्ये नस दबली म्हणून निघालं, डॉक्टर म्हणे ऑपरेशन करा, स्क्रू टाका. आमच्या शेजारचे काका ऑपरेशननंतर चार वर्षांनी पुन्हा कंबर धरून बसले, म्हणून भीती वाटते. काय करावं?

उत्तर : पहिले गावातल्यांना सांगा, बाबा नाटक नाही करत. सायकलवर माणूस पुढं वाकतो, वाकलं की मणक्यातली अरुंद झालेली नळी थोडी मोकळी होते आणि नसेवरचा दाब कमी होतो, ताठ चाललं की पुन्हा दाब. धुऱ्यावर बसून बरं वाटते ते पण त्याच्यानंच. पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत असत्या तर सायकलवरही पोटऱ्या दुखल्या असत्या.

आता तुमच्या काकांचं. हे ऑपरेशन खरं म्हणजे पायासाठी असते, कमरेसाठी नाही, आणि हे आधी कोणी नीट समजावून सांगत नाही याचं मला फार वाईट वाटते. अमेरिकेतल्या मेन राज्यात अशाच पेशंटांना ८ ते १० वर्षांनी पुन्हा तपासलं, ते २००५ मध्ये छापून आलं. ऑपरेशनवाल्यांचे पाय आणि कामधाम तेव्हाही बिनऑपरेशनवाल्यांपेक्षा बरं होतं, पण कमरेचं दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच. १० वर्षांत ऑपरेशनवाल्यांपैकी २३ टक्के लोकांचं पुन्हा ऑपरेशन झालं, आणि ज्यांनी सुरुवातीला टाळलं त्यातल्या ३९ टक्के लोकांना शेवटी करावंच लागलं. म्हणजे पुन्हा त्रास होणं काही नवल नाही, अन् नुसतं थांबून सगळ्यांचं भागते असंही नाही.

स्क्रूचं, म्हणजे मणके एकमेकांना जोडायचं, मात्र दोनदा विचारा. स्वीडनमध्ये ५० ते ८० वयाच्या २४७ लोकांवर अभ्यास झाला, २०१६ मध्ये निकाल आला, नुसती नस मोकळी केलेले आणि सोबत मणके जोडलेले, दोन वर्षांनी दोघांची तब्येत सारखीच. मणका फार सरकत असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून उभं राहून, पुढं-मागं वाकून एक्सरे काढला का ते विचारा, एमआरआय तर झोपून निघते. आणि स्क्रू टाकायचेच ठरले तर बाबांचा खर्रा आधी बंद करा, तंबाखूनं हाड जुळायला वेळ लागते. शुगर असेल तर तीही ताब्यात आणा.

घाई फक्त एकाच प्रसंगी करायची. लघवी अडकली, जांघेत किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, यातलं एकही झालं तर त्याच दिवशी गाडी करून मेडिकल कॉलेजला घेऊन जा, रात्र काढू नका.

नाही तर महिना-दोन महिने व्यायाम आणि गोळ्यांवर पाहता येते. तोपर्यंत बाबा घरून निघून कुठवर जाऊन बसतात, मारुतीच्या देवळापर्यंत की विहिरीपर्यंत, ते रोज वहीत लिहा, आणि त्यांना एकट्यात विचारा, जास्त त्रास पायाचा की कमरेचा. पायाचा म्हणाले आणि अंतर कमी-कमी होत असेल तर ऑपरेशनचा विचार करा, ती वही डॉक्टरांना दाखवा.