क्लोरीनच्या गोळ्या टाकूनही स्विमिंग पूलचं पाणी हिरवं का होतं?

नाशिकजवळ मळ्यात २० × १० फुटांचा, सरासरी साडेचार फूट खोल पूल, तरंगत्या डब्यात गोळ्या कायम, तरी एप्रिल-मेमध्ये पाणी हिरवं, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय त्या गोळ्यांवरच आहे.

तुमच्या पूलमध्ये साधारण २५,००० लिटर पाणी आहे. या गोळ्या बहुधा टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) असतात. २०० ग्रॅमची एक गोळी विरघळली की क्लोरीनसोबत पाण्यात उरणारं सायन्युरिक ॲसिड सुमारे ४ पीपीएमने (दहा लाख भागांत ४ भाग) वाढतं. क्लोरीन उन्हात उडून जातं, हे ॲसिड मात्र पाण्यातच साठत राहतं. आठवड्याला दोन गोळ्या धरल्या तरी तीन महिन्यांत ते १०० पीपीएमच्या आसपास पोचतं. ३० ते ५० पर्यंत ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. १०० ला मात्र क्लोरीनला असं धरून ठेवतं, की पाणी तपासायच्या किटवर क्लोरीन ३ पीपीएम दिसतं आणि शेवाळ वाढतच जातं.

आधी हे ॲसिड मोजा. रंग बदलणाऱ्या चाचणी-पट्टीवर भरवसा नको. पाणी गढूळ होऊन तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो, ती नळीची चाचणी घ्या. १०० निघालं तर निम्मं पाणी काढून ताजं भरा, दुसरा खात्रीचा उपाय नाही. हे पावसाळ्यात करू नका, भूजल वर आलं की रिकाम्या पूलला खालून दाब बसतो. उपसलेलं पाणी थेट द्राक्षबागेतही सोडू नका.

मग पीएच ७.२ वर आणा आणि पंप चालू ठेवून संध्याकाळी १० टक्क्यांचं सोडियम हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, पातळ क्लोरीन) ५ लिटर ओता. क्लोरीन सुमारे २० पीपीएम होईल. कॅल्शियम हायपो (कॅल्शियम हायपोक्लोराइट) मुद्दाम सांगत नाही. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात आणखी कॅल्शियम गेलं की टाइल्सवर पांढरा थर धरतो. आणि गोळ्यांच्या डब्यात तर ते कधीच टाकू नका, दोन्ही एकत्र आले की पेट घेतात.

शिडीमागचे कोपरे आणि टाइल्सच्या सांधी रोज ब्रशने घासा, शेवाळ तिथेच दडतं. फिल्टर अखंड चालवा. प्रेशर नेहमीपेक्षा ८-१० पीएसआयने (दाबाचं एकक) चढलं की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, मग अर्धा मिनिट रिन्स. त्यासाठी फिल्टरच्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंदच हवा, नाहीतर आतलं गॅस्केट फाटतं.

बागेसाठी आणलेलं मोरचूद हाताशी असतं म्हणून टाकायचा मोह होईल. टाकू नका, प्लास्टरवर निळे-हिरवे डाग पडतात.

सूर्यास्तानंतर आणि पहाटे क्लोरीन मोजा. रात्रभरात घट १ पीपीएमपेक्षा कमी आणि पाणी नितळ असेल तर शेवाळ संपलं. क्लोरीन ५ वर उतरेपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नका. पुढे उन्हाळाभर रोज संध्याकाळी अर्धा ते एक लिटर हायपो पुरेल.