शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं? (अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय प्रवेशासाठी)

म्हणजे तुला अमेरिकेत डीव्हीएमला (तिकडची पशुवैद्यकाची पदवी) अर्ज करायचाय आणि शिफारसपत्रांसाठी पाच नावं मनात आहेत: प्राचार्य, बाबांच्या ओळखीचे आमदार, देवासला दवाखाना असलेले मामा, प्राणिशास्त्राच्या मॅडम आणि तू शनिवारी मदतीला जातेस ते राजेंद्र नगरचे डॉक्टर.

पहिली तीन नावं आजच खोड. आमदारसाहेबांनी तुला कधी काम करताना पाहिलंय का? प्राचार्यांना तर तुझं नावही विचारावं लागेल. मामा स्वतः पशुवैद्य असले, आडनाव वेगळं असलं, तरी मामा तो मामाच. नातेवाइकाचं पत्र चालत नाही.

आपल्याकडे हा घोळ होतो, कारण महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात बीव्हीएस्सी करायचं तर नीटचे गुण बोलतात, पत्र कोणी मागत नाही. तिकडे व्हीएमकॅस या सामायिक अर्जात किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा पत्रं लागतात. बऱ्याच कॉलेजांना त्यातलं एक तरी पशुवैद्याचं हवं असतं, काहींना शिकवणाऱ्याचंही. प्रत्येक कॉलेजचं पान उघडून बघ. सहाचा आकडा भरायच्या मागे लागू नकोस. मॅडम आणि डॉक्टर पक्के. तिसरं पत्र प्रोजेक्ट ज्यांच्याकडे केलास त्यांच्याकडून घे. गाई-म्हशींचं काम करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांबरोबर आत्ताच जायला लागलीस तर चौथंही चांगलं होईल.

मी महूचाच, पशुवैद्य. माझ्या दवाखान्यात शिकायला येणाऱ्या पोरांना पत्रं लिहून देतो, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. ‘मुलगी मेहनती, नम्र, वर्तणूक उत्तम’ हे कॅरेक्टर सर्टिफिकेट झालं. याउलट एका मुलीबद्दल मला लिहिता आलं की नसबंदीनंतर भूल उतरत असलेल्या कुत्रीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्याचं तिनं सगळ्यांच्या आधी पाहिलं आणि मला हाक मारली. आत रक्तस्राव सुरू होता, पोट परत उघडावं लागलं. एवढ्या दोन ओळींत तिची नजर कळते आणि न घाबरता बोलायची सवयही.

पण डॉक्टरांना असं काही आठवेलच असं नाही, रोज पन्नास जनावरं बघतात. म्हणून कधीपासून येतेस, काय काय केलंस, कोणत्या केसेस लक्षात राहिल्या, हे एका पानावर लिहून दे. मार्कशीटही जोड. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणाले तर हसून टाळ आणि ते पान पुढे कर. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी निघाली की वाचणाऱ्याला वास येतोच.

अर्जात विचारतात, पत्र पाहण्याचा हक्क सोडताय का? सोड. तुझ्या नजरेखालून न गेलेल्या पत्रावर जास्त विश्वास बसतो.

अर्जाची मुदत साधारण सप्टेंबरच्या मध्यात संपते. गणपतीच्या धामधुमीत कोणाच्या मागे लागणार? मे-जूनमध्येच विचार, आणि सरळ विचार: ‘सर, तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं पत्र देता येईल का?’ जरा जरी आढेवेढे घेतले तरी दुसरं नाव बघ.

आणि डॉक्टरांना आधीच समजावून ठेव की लेटरहेडवर शिक्का मारून तुझ्या हातात द्यायचं नाहीये. त्यांच्या ईमेलवर लिंक येते, तिथे प्रश्नांची उत्तरं भरून पत्र त्यांनीच चढवायचं असतं. ती लिंक हमखास स्पॅममध्ये जाते, तेव्हा पाठवलीस की त्याच दिवशी फोन कर.