दुसरा भाग घ्यावा की नको?

छोट्या गावातल्या, भूत असलेल्या हलक्याफुलक्या रहस्यकथा-मालिकेचा पहिला भाग वाचलात; भूत आवडलं, पण खुनी निम्म्यातच ओळखू आला, म्हणून मन लागेना ना? या प्रकारात ते चालायचंच. गाव एवढंसं, रक्तपात पडद्याआड, मग संशयित असून असणार किती! शिवाय पहिल्या भागाची बरीच पानं गावाची ओळख करून देण्यातच जातात. तेव्हा दुसरा भाग वाचल्याशिवाय निकाल देऊ नका.

वाचताना एवढंच बघा:

- भुताला काय जमतं, काय नाही, हे लेखिका पाळते का? खुन्याचं नाव भुतानंच येऊन सांगितलं, तर नायिकेनं काय नुसता चहा प्यायचा?
- रहस्य बाजूला ठेवलं तरी त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत परत जावंसं वाटतं का? नसेल, तर खुशाल सोडा.

नवखे हमखास दोन ठिकाणी फसतात: अख्खा संच एकदम घेतात, नाहीतर मधलाच भाग उचलतात. गुन्हा त्याच भागात सुटतो, प्रेमप्रकरणं मात्र पुढे रेंगाळतात.

लांबीचा धसका असेल, तर शार्लेन हॅरिसची टेक्सासमधल्या मिडनाइट गावची मालिका बघा. जरा काळोखी आहे, पण तीनच भाग (२०१४ ते २०१६), आणि बोलणारं मांजर भलतंच आगाऊ. हॅरिसचीच तेरा भागांची ‘सूकी’ मालिका इतक्यात नको.