सुपरडोममध्ये नेमकं काय बिघडलं, आणि शाळेच्या जिममधल्या निवाऱ्यात ते कसं टाळायचं

मूळ प्रश्न लांब आहे, म्हणून थोडक्यात परत लिहितो. ह्यूस्टनच्या उपनगरातल्या एका सदस्याने निवारा-स्वयंसेवकाचं प्रशिक्षण घेतलंय. जवळच्या शाळेची जिम यंदाच्या हरिकेन मोसमात निवारा म्हणून उघडायची आहे. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममधल्या निवाऱ्यात घाण, हिंसा आणि मृत्यू असं जे झालं म्हणतात त्यातलं खरं किती, आणि तशी वेळ येऊ नये म्हणून आपल्या हातात काय असतं, असा प्रश्न आहे. शिवाय व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना निवाऱ्यात घेतात का, हेही विचारलंय. सुपरडोमबद्दल एक-दोघांनी "लोकच तसले होते" असं उत्तर दिलंय. ते साफ चूक आहे. वीज, नळाचं पाणी आणि बाहेर पडायची वाट ही तिन्ही एकदम गेली की कोणत्याही इमारतीतल्या कोणत्याही गर्दीचं तेच होतं.

आधी सुपरडोम. २८ ऑगस्ट २००५ ला, रविवारी सकाळी, महापौर रे नेगिन यांनी सक्तीचं स्थलांतर जाहीर केलं आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना शेवटचा आसरा म्हणून स्टेडियम उघडून दिलं. त्या रात्री आत सुमारे दहा हजार माणसं होती. नॅशनल गार्डने (राज्याच्या राखीव सैन्याने) १५,००० लोकांना तीन दिवस पुरेल इतकं पाणी आणि तयार जेवणाची पाकिटं आधीच आणून ठेवली होती. म्हणजे तयारी अगदीच नव्हती असं नाही. पण ती वादळाचे काही तास काढण्याची होती. २९ तारखेला तटबंध फुटले, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि छपरांवरून उतरवलेली माणसं तिथेच आणून सोडली जाऊ लागली. आकडा वीस हजारांच्या वर गेला. २९ च्या सकाळीच वीज गेली होती. जनरेटरवर फक्त काही दिवे चालत होते, एसी बंद. छताचं आवरण वाऱ्याने सोलून निघालं, दोन भोकं पडली, पाणी आत येऊ लागलं. जनरेटरच्या खोलीभोवती पाणी चढू लागलं तेव्हा वाळूची पोती रचून तो वाचवावा लागला. मग नळाचा दाब गेला आणि संडास तुंबले. घाण आणि हाल तिथून सुरू झाले.

जेवणाची पाकिटं सुपरडोममध्ये शेवटपर्यंत मिळत होती, हे फारसं कोणी सांगत नाही. नदीकाठच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मात्र उलटं झालं. ती जागा निवारा म्हणून ठरलेलीच नव्हती. जमीन उंचावर, म्हणून लोक जमत गेले आणि आकडा वीस हजारांच्या आसपास पोचला. तिथे ना अन्न, ना पाणी, ना कुणी जबाबदार माणूस. फेमाचे (केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेचे) प्रमुख मायकेल ब्राउन यांनी १ सप्टेंबरला टीव्हीवर सांगितलं की तिथे माणसं आहेत हे आपल्याला आजच कळलं. नॅशनल गार्ड २ तारखेला दुपारी पोचलं. म्हणून निवारा जाहीर करताना तो कुठे नाही हेही सांगा. बंद असलेल्या शाळांच्या दारावर "जवळचा उघडा निवारा अमुक ठिकाणी" असा कागद लावायला पाच मिनिटं लागतात.

आता तुमची जिम. आधी क्षेत्रफळ मोजा. समजा १०० बाय ७० फूट, म्हणजे ७,००० चौरस फूट. मोकळ्या हॉलचा साधारण ८५ टक्के भाग वापरता येतो. बाकंखुर्च्या भरलेल्या वर्गखोलीचा ५० ते ६५ टक्केच. म्हणजे ५,९५० चौरस फूट. वादळ डोक्यावर असताना बसून काढायच्या रात्रीसाठी माणशी २० चौरस फूट धरतात, म्हणजे जवळपास ३०० माणसं. पुढे दिवसांचा मुक्काम असेल तर माणशी किमान ४० चौरस फूट, म्हणजे दीडशेच्या आत. कॉट टाकल्या की त्याहून कमी. खरी फसगत इथेच होते. पहिल्या रात्री ३०० माणसं घेतली जातात आणि सकाळी पूर आलेला असल्यामुळे एकही घरी जाऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी कोणत्या वर्गखोल्या उघडायच्या, किल्ल्या कोणाकडे, हे आधी ठरलेलं हवं. कॉटमध्ये तीन फूट अंतर, शेजारच्या दोघांची डोकी उलट दिशेला, आणि दाराकडे जाणारी वाट व्हीलचेअर जाईल इतकी रुंद.

छताबद्दल एकच सांगतो, कारण ते तुमच्या हातात नाही. जिमचा मोठा, मध्ये खांब नसलेला गाळा वाऱ्याला कमजोर असतो. टोकाची भिंत किंवा मोठं दार गेलं की वारा आत शिरतो, आतला दाब वाढतो आणि छप्पर वर उचललं जातं. २००४ मध्ये चार्ली वादळात फ्लोरिडातल्या आर्केडिया गावी हजाराहून जास्त माणसं आत असताना निवाऱ्याची भिंत आणि छताचा भाग गेला होता. इमारत आयसीसी ५०० या वादळ-निवाऱ्यांच्या बांधकामाच्या मानकाला उतरते का, हे स्कूल डिस्ट्रिक्टला सरळ विचारा. उतरत नसेल तर वादळ जाईपर्यंत लोकांना आतल्या, खिडक्या नसलेल्या कॉरिडॉरमध्ये बसवा, जिम नंतर.

संडासावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण निवारा तिथेच टिकतो किंवा कोसळतो.

पाणी गेल्यावर लोक सुचवतात की बादलीने पाणी ओतू. हिशेब करा: एका फ्लशला साधारण सहा लिटर, माणशी दिवसाला पाच वेळा, १५० माणसं. रोज ४,५०० लिटर. पिण्यासाठी माणशी चार लिटर धरले तर तीन दिवसांचं सगळ्यांचं पिण्याचं पाणी १,८०० लिटर भरतं. इतकं पाणी नुसतं ओतायला कुठून आणणार? आणि पाणी असलं तरी दुसरी अडचण आहे. ह्यूस्टन काय, न्यू ऑर्लिन्स काय, जमीन सपाट. सांडपाणी पुढे ढकलायला जागोजागी पंप लागतात आणि त्यांना वीज लागते. ते बंद पडले की वरच्या मजल्यावर ओतलेलं पाणी तळमजल्याच्या संडासातून किंवा जमिनीवरच्या जाळीतून वर येतं. जाळीत बुडबुडे दिसले, गुडगुड आवाज आला, की बादली ताबडतोब बंद करा.

मग करायचं काय? पाणी गेल्याचं कळल्यापासून पहिला अर्धा तास महत्त्वाचा. भांडी अजून स्वच्छ आहेत तोवरच निम्मे संडास कुलूप लावून बंद करा. उरलेल्यांत भांड्यातलं पाणी काढून टाका, सीट उचला, एक जाड काळी कचऱ्याची पिशवी भांड्यावर घट्ट बसवा, ती कायमची. सीट खाली घ्या आणि वरून दुसरी पिशवी लावा, ती बदलायची. आत दोन-तीन मूठ मांजराची वाळू, भुसा किंवा फाडलेला कागद. पिशवी एक तृतीयांश भरली की गाठ मारून बाहेर. त्याहून जड झाली की उचलताना फाटते, आणि एकदा फाटली की त्या खोलीत पुन्हा कोणी पाय ठेवत नाही. पुरुषांना लघवीसाठी वेगळी सोय द्या. माणशी रोज दीड लिटरच्या आसपास लघवी होते, ती पिशवीत गेली तर सगळा हिशेब कोलमडतो. भरलेल्या पिशव्यांना झाकणाचे ड्रम हवेत, इमारतीच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. या कामाला दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा आणि हातमोजे मोजून ठेवा. ज्याला हे काम दिलंय त्याला जेवण वाढायला लावू नका.

प्रत्येक संडासात बॅटरीचा दिवा हवाच. अंधार असला की बायका आणि म्हातारी माणसं तिथे जात नाहीत, जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी उन्हाळी लागणं, चक्कर, रक्तदाब असे रुग्ण दिसू लागतात. सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास चालून जातो, मुक्काम लांबला तर २० मागे एक हवा, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. शाळेत हे प्रमाण नसतंच. एक पुरुषांची खोली बायकांना देऊन टाका, कोणी कुरकुरलं तरी.

फिरते संडास मागवले की प्रश्न सुटला असं वाटतं. पण ते बांधकामाच्या जागेच्या हिशेबाने मिळतात: दहा कामगार, आठवड्याचे ४० तास, आठवड्यातून एकदा उपसा. म्हणजे ४०० माणूस-तास. तुमच्याकडे एका संडासाला २० माणसं, २४ तास, म्हणजे एकाच दिवसात ४८०. उपसा रोज लागणार. आणि उपसणाऱ्या टँकरला कोरडा रस्ता लागतो, शिवाय रिकामं करायला चालू प्रक्रिया केंद्र. करारात "रोज उपसा" लिहून घ्या आणि पिशव्यांची सोय तरीही ठेवा.

विजेचं थोडक्यात. शाळेला जनरेटर आहे म्हणतात तेव्हा त्यावर काय काय चालतं ते विचारा. बहुतेक वेळा आपत्कालीन दिवे, फायर अलार्म आणि फार तर स्वयंपाकघरातला शीतकपाट, एसी नाही. १०० किलोवॉटचा डिझेल जनरेटर पूर्ण भाराला ताशी साधारण २८ लिटर पितो, तीन दिवसांना २,००० लिटर. मशीन उंचावर पण स्विचगिअर (त्याची वीज इमारतीत वळवणारे स्विच) तळघरात, हा ह्यूस्टनचा जुना धडा आहे. २००१ मध्ये अ‍ॅलिसन वादळात टेक्सस मेडिकल सेंटरमधली रुग्णालयं त्यामुळेच अंधारात गेली. एक सर्किट फक्त ऑक्सिजनच्या यंत्रांसाठी राखून ठेवा. एकेक यंत्र ३००-४०० वॉट घेतं. त्याच बोर्डावर लोक फोन चार्जिंगला लावतात आणि ब्रेकर उडतो.

आजारांचं बघायचं तर सुपरडोमपेक्षा ह्यूस्टनच शिकवतं. न्यू ऑर्लिन्सहून हलवलेल्या लोकांना तिथे अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियम आणि त्याच रिलायंट पार्कमधल्या शेजारच्या इमारतींत ठेवलं होतं. तिथे वीज, पाणी, डॉक्टर, सगळं होतं. तरी २ ते १२ सप्टेंबरच्या दरम्यान तिथल्या दवाखान्यात आलेल्या सुमारे ६,५०० जणांपैकी ११६९ जणांना उलट्या-जुलाब होते. कारण नोरोव्हायरस. हाताला चोळायच्या अल्कोहोल जेलवर या विषाणूसाठी विसंबू नका. साबण आणि वाहतं पाणीच हवं. नळाच्या टाकीखाली बादली ठेवून हात धुण्याची जागा संडासाच्या दाराबाहेर करा, आतल्या कोपऱ्यात नको. रांगेतल्यांना दिसत असलं की लोक हात धुतात. कोणी ओकलं तर आधी कागदाने पुसून घ्या, मग घरगुती ब्लीच: चार लिटर पाण्यात निदान ८० मिलिलिटर, घाण जास्त असेल तर त्याच्या चौपट-पाचपट. हे पाणी रोज नवं करायचं आणि अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही. पहिला रुग्ण दिसताच वेगळी खोली आणि वेगळा संडास. तीन रुग्ण होईपर्यंत थांबलात तर उशीर झालाय.

औषधांत इन्सुलिन आणि डायलिसिस हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी येतात. बहुतेक इन्सुलिनची उघडलेली बाटली ३० अंश सेल्सिअसच्या आत साधारण २८ दिवस चालते, पण एसीविना जिम त्याच्या वर जाते. बर्फाच्या पेटीत ठेवा, कापडात गुंडाळून. बर्फाला टेकून गोठली की ती वाया गेली. डायलिसिसवाल्याला नाव नोंदवतानाच विचारा: शेवटचं कधी झालं? दोन दिवस होऊन गेले असतील तर त्याला हलवण्याची यादी लगेच सुरू करा. आठवड्यातून तीनदा लागणारं ते काम आहे, रस्ते उघडण्याची वाट बघून चालत नाही.

नावनोंदणीत कंटाळा करू नका. कॅटरिना आणि त्यानंतरचं रिटा, ही दोन वादळं मिळून ५,१९२ मुलांची हरवल्याची किंवा पालकांपासून ताटातूट झाल्याची नोंद झाली होती. शेवटचं प्रकरण मिटायला मार्च २००६ उजाडला. मुलाच्या आणि आईच्या मनगटावर एकाच क्रमांकाची पट्टी, आणि बाहेर पडताना ती जुळवून बघायची. बसमध्ये चढवताना कुटुंब तुटलं तर दोघं दोन वेगळ्या राज्यांत उतरतात. तेव्हा तसंच झालं.

आता "लोकच तसले" या मुद्द्याकडे. शेकडो प्रेतं, लहान मुलांवर अत्याचार, हेलिकॉप्टरवर गोळीबार, असं तेव्हा छापून आलं. महापौर आणि पोलीसप्रमुखांनीही त्यातलं बरंच टीव्हीवर बोलून दाखवलं. नंतर मोजले तेव्हा सुपरडोममध्ये सहा मृतदेह मिळाले: चार आजाराने, एक अमली पदार्थांमुळे, एक आत्महत्या असावी असा. कन्व्हेन्शन सेंटरमध्ये चार, त्यातला एक खुनाचा संशय. गुन्हे झालेच नाहीत असं कोणी म्हणत नाही. पण अफवांची किंमत मोठी होती: ३१ ऑगस्टला पोलिसांना बचावकार्य सोडून लुटालूट थांबवायला पाठवलं गेलं, आणि लोकांना बाहेर काढायला येणारे बसचालक शहरात शिरायला घाबरू लागले. शहराच्या स्वतःच्या शाळेच्या बसेस तर आवारातच बुडाल्या होत्या.

अफवेवर उपाय साधा आहे. दारापाशी एक फळा, आणि ठरलेल्या वेळी, समजा दर तीन तासांनी, त्यावर वेळ घालून लिहायचं: पाणी किती आहे, जेवण कधी, बस कधी. नवीन काही नसेल तर "दोन वाजेपर्यंत नवीन काही नाही" हेसुद्धा लिहायचं. स्पॅनिश आणि व्हिएतनामीतही लिहा. "बस येतेय" हे मात्र बस दारात दिसल्याशिवाय लिहू नका. सुपरडोममध्ये ते अनेकदा सांगितलं गेलं आणि बस आली नाही. त्यानंतर माईकवरून काहीही सांगितलं तरी कोण ऐकणार?

पाळीव प्राणी: २००६ च्या कायद्यानंतर स्थानिक योजनेत त्यांची सोय धरावीच लागते, कारण कुत्रं सोडून यायला नको म्हणून लोक बुडणाऱ्या घरात थांबले होते. वेगळी खोली द्या, जिममध्ये नको. अंध व्यक्तीचा मार्गदर्शक कुत्रा पाळीव प्राण्यांत मोडत नाही, तो मालकाजवळच राहील.

शेवटी तुम्ही विचारलेलं: व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना निवाऱ्यात घेतात का? घेतात. रेड क्रॉस व्हिसा किंवा इमिग्रेशनचे कागद विचारत नाही. त्यांचे पासपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या झिपच्या पिशवीत घ्या. भारतातल्या ब्रँडची नावं इथल्या फार्मासिस्टला कळत नाहीत, म्हणून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. निवाऱ्यात वाटल्या जाणाऱ्या लष्करी जेवणाच्या पाकिटांच्या २४ प्रकारांत शाकाहारी चारच असतात आणि ते हातात येतीलच असं नाही, तेव्हा दशम्या, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू असं टिकणारं काही बरोबर असू द्या. शाकाहारी पाकिटांवर तसं छापलेलं असतं. वाटप सुरू होण्याआधीच पेटीतून ती वेगळी काढून ठेवायला सांगा, नंतर रांगेत कोणी शोधून देत नाही.